माळ पेटायच्या आत

संक्रांत झाली. घरोघरी अजून बोरन्हाणं चालली आहेत, आणि माळावरचं गवत वाळून इतकं कडक झालंय की चालताना पायाखाली कुरकुर वाजतं. आता एक काडी पुरे. आजपासून पहिला पाऊस पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने, पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर, कर्जत, करमाळा, फलटण, माण, खटाव या सगळ्या पट्ट्यातला माळ धोक्यात आहे. शिमग्याच्या आसपास तर रात्री गच्चीवर उभं राहिलं की चारी बाजूंना वणव्याच्या लाल रेघा दिसतात. याच दिवसांत लांडग्यांची पिल्लं बिळात असतात, आणि याच दिवसांत मेलेल्या शेळीवर विष टाकलं जातं. म्हणून हे आवाहन आज करते आहे, उन्हाळ्यात नाही. उन्हाळ्यात करून उपयोग नसतो.

गेल्या वर्षी माघात जे पाहिलं ते आधी सांगते.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला ओढा आहे. त्याच्या पलीकडे गायरान सुरू होतं. सकाळी सातच्या सुमाराला तिथे एक शेळी पडलेली दिसली, पोट फाडलेलं आणि मांसावर पांढरट भुकटी. शेतात फवारायच्या औषधाचा तो उग्र वास लांबूनच आला. शेळीपासून दहा-बारा पावलांवर लांडगी मरून पडली होती. तोंडाला फेस, पायांनी माती उकरलेली. जवळ गेले तेव्हा दिसलं की तिची आचळं दुधाने भरलेली आहेत. थोडं पुढे एक कोल्हा होता. झुडपाखाली एक मुंगूस, आणि शेळीच्या अंगावरच दोन कावळे. आम्ही चार जणांनी तीन दिवस तिचं बीळ शोधलं. सापडलं नाही. पिल्लांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

ज्याने विष घातलं तो माणूस मला माहीत आहे. तो दुष्ट नाही. आठ दिवसांत त्याच्या सात शेळ्या गेल्या होत्या, घरात लेकीचं लग्न ठरलेलं होतं आणि पंचनाम्याला वेळेवर कुणी आलं नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पुढचं ऐका. पावसाळ्यात त्याच्या शेळ्या पुन्हा मेल्या. एका रात्रीत पाच. या वेळी लांडगा नव्हता. कुत्री होती, अकरा कुत्र्यांचं टोळकं. लांडग्याने एक शेळी उचलून नेली असती. कुत्र्यांनी पाच फाडल्या आणि एकही धड खाल्ली नाही.

हा योगायोग नव्हता. माळावर कोण काय खातो, यातच त्याचं उत्तर आहे.

माळावर गवत खाणारे असतात, मांस खाणारे असतात आणि मिळेल ते खाणारे असतात. शाळेत आपण शाकाहारी, मांसाहारी, मिश्राहारी असे तीन रकाने पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरून जातो. मी स्वतः वर्गात हे रकाने फळ्यावर आखून दिलेले आहेत, त्यामुळे त्यांत काय राहून जातं ते मला ठाऊक आहे. कोण काय खातो एवढंच रकान्यात येतं. त्याच्या खाण्याने काय होतं ते येत नाही.

गवतापासून सुरू करू. पवन्या, मारवेल ही आपल्याकडची बारमाही गवतं. त्यांचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून शेंडा खुडला तरी गवत मरत नाही, उलट नवे फुटवे धरतं. काळवीट, चिंकारा, ससा यांनी थोडं थोडं खाल्लेलं गवत दाट होतं. नर काळवीट आपल्या हद्दीत ठरलेल्या जागी लेंड्या टाकतो. तिथे पावसाळ्यात जाऊन बघा, शेणकिडे त्या लेंड्या जमिनीत पुरत असतात. खत टाकायला त्या माळावर दुसरं कुणी जात नाही. नाकतोडे आणि वाळवी यांनाही गवत खाणाऱ्यांतच धरायला हवं. वजन केलं तर माळावर सगळ्यात जास्त गवत कदाचित तेच खात असतील, आणि त्यांच्यावर चंडोलापासून खोकडापर्यंत कितीतरी जीव जगतात. आणि आपली मेंढरं. आज या पट्ट्यात गवत खाणारा सगळ्यात मोठा कळप धनगराचा आहे, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं. माळ धनगराचा आहे तितकाच काळविटाचा आहे. शेतात मेंढरं बसवून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खत घेतलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण गवत खाणारा एका जागी थांबला तर गवत मुळापर्यंत जातं. त्याला हलतं ठेवतो तो लांडगा. तो रोज शिकार करत नाही, बऱ्याचदा त्याचा पाठलाग फसतो. पण तो आहे, एवढ्यानेच कळप एका जागी दिवसभर बसून राहत नाही. आजारी, लंगडं, म्हातारं जनावर आधी त्याच्या हाती लागतं, आणि कळपातला रोग तिथेच थांबतो. माझे आजोबा मेंढपाळांच्या वाड्यावर बसायला जायचे, मलाही न्यायचे. एकदा रात्री वाघर तोडून लांडग्याने कोकरू नेलं. सकाळी मी रडत होते, आणि त्या वाड्यातला म्हातारा मला म्हणाला, "रडतीस कशाला पोरी? त्यालाबी प्वाट हाय. त्याचा वाटा त्यो नेतो." तो म्हातारा गरीब होता. एक कोकरू म्हणजे त्याच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. तरी त्याने लांडग्याला हिशोबात धरलं होतं.

त्या हिशोबाचं शास्त्र पुढे मला पुस्तकात सापडलं. १९४२ साली रेमंड लिंडमन नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने एका तळ्याचा अभ्यास करून दाखवलं की खाणाऱ्याच्या एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर ऊर्जेचा लहानसाच भाग पोचतो. ढोबळमानाने दहावा हिस्सा धरतात. शंभर किलो गवतातून दहा किलो काळवीट उभं राहतं आणि दहा किलो काळविटातून एक किलो लांडगा. म्हणून गवत अमाप, काळवीट शेकड्यांनी आणि लांडगे मोजके. सबंध भारतात मिळून लांडगे तीन हजारांच्या आसपास असतील असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वाघांची संख्या याच्याहून जास्त आहे. आमच्या ओढ्याकाठी जी मेली ती या तीन हजारांतली एक होती आणि तिच्यामागे तिची पिल्लं गेली.

आता तिसरा गट, मिळेल ते खाणारे. यांच्याबद्दल आपल्या भाषेत जुनी म्हण आहे, कोल्हा काकडीला राजी. म्हणणाऱ्याने कोल्हा नीट पाहिलेला होता. कोल्हा उंदीर खातो, खेकडे खातो, मेलेलं जनावर खातो, काकडी, टरबूज खातो आणि या दिवसांत पोटभर बोरं खातो. आपण लेकरांच्या डोक्यावरून बोरं ओतत असतो, तेव्हा माळावर कोल्हाही बोरीखालीच असतो. आज सकाळीच पायवाटेवर त्याची विष्ठा पाहिली. काडीने मोडून बघितली तर बोराच्या अकरा आठोळ्या आणि उंदराचे केस. त्या आठोळ्यांतली एखादी बोर दगडाच्या आडोशाला रुजेल. पाच वर्षांनी तिच्या सावलीत मेंढपाळ बसेल आणि तिच्या काट्यांत पाखरू घरटं करेल. खोकडही तसंच, किडे, वाळवी, उंदीर, बोरं. माळढोकाचंही खाणं असंच मिश्र होतं, नाकतोडे, सरडे, धान्य, बोरं. होतं म्हणावं लागतं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. पुढे ते बाराशेच्या घरात आलं, आणि आता तिथे एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते. इतक्या वर्षांत पक्षी जवळजवळ संपला. एक मीटरभर उंचीचा पक्षी आपल्या डोळ्यांदेखत गेला आणि आपल्या रोजच्या बोलण्यात त्याचं नावही उरलं नाही.

मिळेल ते खाणारा कोल्हा माळ सांधतो. पण मिळेल ते खाणारा कुत्रा माळ उसवतो. दोघांत फरक एकच आहे. कोल्हा माळावरचं खाऊन जगतो, कुत्रा आपलं टाकलेलं खाऊन जगतो.

हे नीट लक्षात घ्या, सगळी मेख इथेच आहे. लांडग्याची संख्या त्याच्या भक्ष्यावर अवलंबून असते. काळविटं कमी झाली की लांडग्याची पिल्लं जगत नाहीत, लांडगे कमी होतात, काळविटांना पुन्हा उसंत मिळते. कुत्र्याचं तसं नाही. त्याचं पोट पोल्ट्रीच्या मरतुकीवर, खाटकाच्या उरल्यासुरल्यावर, हॉटेलांच्या खरकट्यावर, महामार्गाकडेच्या उकिरड्यावर भरतं. माळावर एकही चिंकारा उरला नाही तरी कुत्रा उपाशी मरणार नाही. म्हणून तो शेवटच्या चिंकाऱ्यापर्यंत पाठलाग करू शकतो. लांडगा हे कधीच करू शकत नाही. चिंकाऱ्याची, काळविटाची पाडसं जन्मल्यावर काही दिवस गवतात निपचित दडून असतात. लांडग्यापासून वाचायला ती युक्ती पुरते. पंधरा कुत्री रांगेने नाक लावून माळ विंचरतात तेव्हा पुरत नाही.

जेव्हा तुम्ही लांडग्याला विष घालून संपवता, तेव्हा त्याची जागा रिकामी राहत नाही. तिथे कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या आहारात सुमारे ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली आणि त्यांत सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता. शेळ्यांचा नव्हता. जुन्नर, शिरूर भागात उसाच्या फडात लेकरू गेलं की आपण बिबट्याला दोष देतो. फडाच्या बांधावर त्याला रोज जेवायला कोण बोलावतं, तेही एकदा बघायला हवं. आणि कुत्र्यांबरोबर येतो तो रोग. पिसाळ आणि डिस्टेंपर हे दोन्ही रोग कुत्र्यांकडून लांडग्यांना होऊ शकतात. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे. लांडगा विषाने मरतो, नाहीतर तो लांडगाच राहत नाही.

रानडुकराचंही असंच. तेही सगळं खातं. मुळं उकरतं, अंडी खातं, भुईमूग खणून काढतं. त्याच्या पिल्लांवर लांडगा, बिबट्या यांचा धाक असतो. तो धाक गेला की पिल्लं जगतात, आणि रात्र रात्र मचाणावर बसायची पाळी शेतकऱ्यावर येते. शेतकरी मग कुंपणात वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर चिकटतं, कधी तरस चिकटतं, आणि कधी शेजारच्या घरातला कर्ता माणूस.

गिधाडांची आठवण इथे काढलीच पाहिजे, कारण हाच धडा आपण एकदा फार महाग पडून शिकलो आहोत. आम्ही लहान असताना मेलेला बैल माळावर टाकला की दुपारपर्यंत हाडं उरायची. गिधाडं मांस संपवायची, रात्री तरस येऊन हाडं फोडायचं. तरसाची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी दिसते, ती त्या हाडांमुळे. नव्वदच्या दशकात गुरांना सर्रास डायक्लोफिनॅक टोचलं जाऊ लागलं. ते औषध अंगात असताना मेलेलं जनावर गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पंधरा-वीस वर्षांत देशातली गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली, पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत तर हजारात एखादं उरलं. २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर उशीर झालेला होता. मढी कुत्र्यांच्या वाट्याला आली आणि कुत्री वाढली. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात पाच लाखांच्या आसपास जादा माणसं दगावली, असा हिशोब अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. कुणी गिधाडांना मारायचं ठरवलं नव्हतं. आपण फक्त बैलाचं दुखणं थांबवत होतो. आज माळावर शेळीच्या मढ्यावर विष टाकताना आपण तेवढेही निष्पाप नाही. काय होणार ते आपल्याला माहीत आहे.

पशुवैद्यकांना आणि गुरं राखणाऱ्यांना यासाठी एक थेट विनंती. किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ही औषधंही २०२३ साली गुरांसाठी बंद झाली आहेत. जनावराला दुखणं असेल तर मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांना चालतं आणि जनावरालाही गुण येतो.

आता वणव्याबद्दल. मी हे दुसऱ्यांना शिकवण्याच्या थाटात लिहीत नाही. आमच्या घरातही माळ पेटवायची रीत होती. राख झाली की नवं गवत लुसलुशीत येतं, असं माझे काका म्हणायचे, आणि त्यांचं अगदीच चुकीचं होतं असं नाही. बारमाही गवताची मुळं बऱ्याचदा आगीतून वाचतात. पण आपल्या या अवर्षणाच्या पट्ट्यात फेब्रुवारीत जाळलेल्या माळावर जूनपर्यंत पाऊस नाही. चार महिने काळी उघडी जमीन राहते. उन्हाळ्यात मेंढरांना, काळविटांना जो वाळका चारा कसाबसा जगवतो, तो आपण एका रात्रीत धूर करून टाकतो. दर वर्षी असंच जाळत गेलं की पवन्या आणि मारवेल मागे पडतात आणि कुसळी पुढे येते. तिची कुसळं मेंढरांच्या लोकरीत आणि तोंडात रुततात. ज्या चाऱ्यासाठी जाळायचं, तो चाराच जातो.

आणि काय जळतं ते सकाळी जाऊन बघा. एकदा वणव्यानंतर मी राखेतून चालत गेले होते. चंडोलाचं घरटं जमिनीवर, गवताच्या ठोंबाच्या आडोशाला असतं. ठोंब जळून गेला होता आणि त्याच्या बुडाशी तीन अंडी तशीच मांडलेली होती, तडकलेली, आतून शिजलेली. त्यांच्यावरून मुंग्या चालल्या होत्या. चार पावलं पुढे सरड्याचं कोळसा झालेलं अंग. नाकतोडा एकही नव्हता. त्या माळावर त्या दिवशी गवत खाणाऱ्यांना, किडे खाणाऱ्यांना आणि त्यांना खाणाऱ्यांना, कुणालाच काही उरलेलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे वनविभागाचं काम आहे. आहे. पण आकडे पाहा. काळविटांसाठीचं रेहेकुरी अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचं आहे. चिंकाऱ्यांसाठीचं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटरचं. लांडग्यांच्या एका टोळीला फिरायला शंभराहून अधिक चौरस किलोमीटर लागतात. म्हणजे ही दोन्ही अभयारण्यं जोडून दिली तरी एका टोळीला पुरायची नाहीत. लांडगा अभयारण्यात राहतच नाही. तो तुमच्या गायरानात राहतो, माझ्या बांधावर राहतो, सरकारी पडीत राहतो. त्याला वाचवणं किंवा मारणं हे वनरक्षकापेक्षा तुमच्या-माझ्या हातात जास्त आहे.

आणि हा 'पड' शब्दच आधी काढून टाकायला हवा. सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक. पडीक म्हटलं की कुणाला तिथे कारखाना दिसतो, कुणाला सौर प्रकल्प, कुणाला दगडाची खाण. चांगल्या मनाच्या माणसांना वृक्षारोपण दिसतं. दर उन्हाळ्यात जेसीबी लावून माळावर सलग चर खणले जातात, जूनमध्ये गिरिपुष्पाची रोपं लागतात, फोटो निघतात. त्यांतली जी जगतात त्यांच्याखाली गवत मरतं, आणि उघड्यावर लांबून शत्रू बघून पळणारा चिंकारा तिथे यायचा थांबतो. झाडं लावा, जरूर लावा. ओढ्याच्या काठी, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेने, शेताच्या बांधावर. माळाला झाडांची उणीव नाही. तो मुळातच गवताचा आहे.

म्हणून आता ज्याने त्याने करायचं ते सांगते.

मेंढपाळ आणि शेळीपालक बांधवांनो, जनावर गेलं तर ते जागेवरून हलवू नका. मोबाईलवर फोटो काढा आणि त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. लांडग्याने मारलेल्या मेंढीची, शेळीची भरपाई देण्याची तरतूद सरकारी निर्णयात आहे. पंचनामा झाला तरच ती मिळते. फोन उचलला गेला नाही तर सरपंचाला सांगा, आम्हाला सांगा, चार जण मिळून जाऊ. मी तुमच्याबरोबर कार्यालयाच्या पायऱ्या चढायला तयार आहे, गेल्या वर्षीही चढले आहे. दिवाळीनंतर बरेच वाडे घाटाखाली उतरतात आणि मागे राहिलेल्या थोड्या शेळ्यांवर सगळा भार येतो, हे आम्हाला कळतं. या दिवसांत रात्री शेळ्या उघड्यावर ठेवू नका. पण मढ्यावर औषध टाकू नका. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्याला मारणाऱ्याला तुरुंग होतो. कायद्याचं सोडा, तेच मढं तुमचा राखणीचा कुत्रा खातो.

पोल्ट्रीवाल्यांना हात जोडून सांगते, मरतुक माळावर फेकू नका. खोल खड्डा घ्या, चुना टाका, वर माती लोटा. रोजचं पंधरा मिनिटांचं काम आहे. हे एक काम जरी या पट्ट्यातल्या सगळ्या शेडांवर झालं तरी कुत्र्यांची टोळकी निम्मी व्हायला वेळ लागणार नाही, असं मला मनापासून वाटतं. ज्यांनी कुत्री पाळली आहेत त्यांनी त्यांना पिसाळाची आणि डिस्टेंपरची लस टोचून घ्यावी आणि रात्री बांधून ठेवावं. गावातल्या मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीचा विषय ग्रामपंचायतीने टाळू नये.

पुण्या-मुंबईहून फोटो काढायला येणाऱ्यांनो, वनविभागाने शिर्सुफळ आणि कडबनवाडीला माळरान सफारी सुरू केली आहे, तिथे रीतसर या. गाडी गवतात घालू नका. लांडग्याच्या बिळाचा ठिकाणा कुठेही टाकू नका. पिल्लं असताना बिळापाशी माणूस घुटमळला की आई पिल्लं दुसरीकडे हलवते, आणि हलवताना ती कुत्र्यांच्या तोंडी सापडतात. विडी, सिगारेट गाडीतच विझवा.

शिक्षकांनो, ते तीन रकाने या वर्षी वर्गाबाहेर शिकवा. मुलांना सकाळी माळावर न्या, कोल्ह्याची विष्ठा दाखवा, बोराच्या आठोळ्या मोजायला लावा. एकदा मोजलं की मुलं ते घरी जाऊन सांगतात, आणि घरातल्या मोठ्यांचा हात काडेपेटीकडे जाताना थोडा थांबतो. हे मी पाहिलं आहे.

आणि गावकरी मंडळी, २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. त्या सभेत दोन ठराव मांडा. एक, आपलं गायरान हे चराऊ कुरण आणि वन्यजीवांचं घर म्हणून लोक जैवविविधता नोंदवहीत नोंदवायचं आणि तिथे चर किंवा खड्डे खणायला गावाची संमती द्यायची नाही. दुसरा, या हंगामात माळ कुणीही पेटवायचा नाही, आणि पेटलाच तर कोणत्या वाडीतून कोण धावणार याची यादी सभेतच लिहून काढायची. आमच्या गावात हे दोन्ही ठराव कागदावर तयार आहेत. कुणाला नमुना हवा असेल तर घेऊन जा, गावाचं नाव बदला आणि मांडा.

त्याआधी येत्या रविवारी, सकाळी सहा वाजता, म्हसोबाच्या देवळापाशी जमायचं आहे. ओढ्यापासून वरच्या टेकाडापर्यंत दहा फूट रुंदीची जाळरेषा साफ करायची आहे, म्हणजे खालच्या रस्त्यावरून आग आली तरी वर चढणार नाही. वर करवंदीच्या जाळीच्या मागे परवा मातीत ताजी पावलं दिसली. दोन मोठी आणि त्यांच्यात घुटमळणारी चार लहान. येताना कोयता, फावडं आणि पाण्याची बाटली आणा. कुत्री घरी बांधून या.